फ्लायव्हीलवरचं कुंकू

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी हणमंत मिस्त्रींचं नाव घेतो. आईवडिलांचं नाव आधी यायला हवं, हे मला कळतं. पण आईवडिलांनी जे केलं त्याला उपकार म्हटलं तर आई रागावेल. मिस्त्री माझे कुणीच लागत नव्हते. तुर्भ्याच्या एका लहान वर्कशॉपमध्ये ते बावीस वर्षं एकाच लेथवर उभे होते आणि मी तिथे नवाकोरा इंजिनियर म्हणून दाखल झालो होतो. एवढीच ओळख.

नवरात्र आलं की ते आठवतात. तुर्भ्याच्या घाऊक मार्केटच्या बाजूला झेंडूचे ट्रक लागतात, ऑक्टोबरच्या उन्हात फुलांचा कडसर वास डांबराच्या वासात मिसळतो आणि मला त्यात लेथवरच्या तापलेल्या तेलाचा वास आपोआप यायला लागतो. आमच्या ऑफिसात आता खंडेनवमीला संगणकांची पूजा होते. कीबोर्डवर एकेक फूल, माऊसला हळदीकुंकू. यंदा नव्यानं लागलेल्या एका मुलीनं मोजमापाच्या पोलादी ठोकळ्यावर, नेमक्या आरशासारख्या घासलेल्या बाजूवर, ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. मी जागेवरूनच ओरडलो, "तिथे नको!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती बिचारी घाबरून म्हणाली, "सर, पुसू का?"

साधा प्रश्न. मला मात्र तो थेट तुर्भ्याला घेऊन गेला.

मी माण तालुक्यातला. दहिवडीच्या शाळेत शिकलो, पुढे सरकारी कॉलेजात मेकॅनिकल केलं. आमच्या घरात ग्रॅज्युएट झालेला मी पहिला. वडील गवंड्याच्या हाताखाली काम करायचे; माझा निकाल लागला तेव्हा त्यांनी अंगठा आणि तर्जनीनं मार्कशीटचा कागद चाचपून पाहिला होता, सिमेंटचं पोतं चाचपतात तसा. जुईनगरला मामाच्या फ्लॅटच्या गॅलरीत माझी खाट होती. तिथून तुर्भ्याला जायचो. नव्वदीची मधली वर्षं होती. नवी मुंबईत तेव्हा रस्ते आधी झाले होते आणि माणसं मागून येत होती.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, पकडून मध्यावर आणणं, हे लेथवरचं पहिलं काम, मला जमेना. अर्धा तास झटापट केली. मिस्त्री शेजारी उभे राहून पाहत होते. मग म्हणाले, "इंजिनेर, तुमच्या पुस्तकात जॉब आपसूक मधी बसतो व्हय?" सगळे हसले. दुपारी मात्र त्यांनी आपला डबा माझ्यापुढे सरकवला. भाकरी आणि घेवड्याची आमटी. "खा. कोरेगावचा घेवडा हाय. आन् मगाचचं मनावर घ्यायचं न्हाई. मी पण पयल्या वर्षी मालकाच्या पायावर जॉब पाडला हुता."

त्यानंतर रोज दुपारी, जेवण झालं की अर्धा तास, त्यांनी मला लेथवर उभं केलं. हत्यार लोखंडाला लागल्याचा आवाज कसा असतो, धार गेली की तोच आवाज कसा बदलतो, कातलेल्या पृष्ठावरून नख फिरवलं की काय कळतं. कॉलेजात मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगून समजलंही नसतं.

थोड्याच दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. व्हर्नियर या बारीक मोजपट्टीवरचं माप वाचायची वेळ आली की मिस्त्री मला हाक मारत. "इंजिनेर, हे वाच बघू, शिकशील तरी." मी वाचायचो. मी बरोबर वाचतोय की नाही, हे मात्र ते कधी तपासत नसत. एक दिवस मी मुद्दाम चुकीचा आकडा सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि हत्यार पुढे घेतलं. मी घाईनं म्हणालो, "थांबा काका, चुकलं माझं." लेथ थांबला. मिस्त्री माझ्याकडे वळले.

"कळलं न्हवं तुला?" ते हळू आवाजात म्हणाले.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तो पिकल्याशिवाय डॉक्टर काढणार नव्हते. मालकांना संशय आला होता. वाईट माणूस नव्हते ते, पण एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मिस्त्री, एक जरी जॉब डोळ्यांमुळे गेला ना, तर मी तुम्हाला या लेथवर ठेवणार नाही. हातबीत गेला तर मी काय तोंड दाखवू तुमच्या घरच्यांना?" म्हणून त्या दिवसापासून मी मिस्त्रींचे डोळे झालो. कुणाला न सांगता. माप मी वाचायचं, कातायचं त्यांनी.

अशात कॅप्टन प्रधान आले. मालवाहू जहाजावरून निवृत्त झालेले, नेरूळला रो-हाऊसमध्ये राहणारे. त्यांच्याकडे एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार होती. दोन सीटची, उघड्या टपाची, बाटलीच्या काचेसारखी हिरवी. दसऱ्यानंतरच्या रविवारी त्यांच्या हौशी मित्रांची घाटात गाडी चढवायची चढाओढ होती. कॅप्टनांना गाडीत हलकं फ्लायव्हील बसवायचं होतं.

फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाला बसवलेलं जड चाक. इंजिन झटके देत चालतं, ते झटके हे चाक आपल्या वजनानं पोटात घेतं. त्याच्या एका तोंडाला क्लचची पट्टी घट्ट चिकटते आणि तिथून ताकद चाकांकडे जाते. फ्लायव्हील जड असेल तर गाडी शांत चालते, पण इंजिनला वेग घ्यायला वेळ लागतो. हलकं केलं की पायाखालचा पेडल दाबायचा अवकाश, इंजिन उसळतं.

"बाहेरून मागवायचं तर सहा महिने," कॅप्टन म्हणाले. "तुम्ही बनवाल? यंग मॅन, ड्रॉइंग काढता येतं ना?"

मी दोन दिवस बसून ड्रॉइंग काढलं. जुनंच फ्लायव्हील पाठीमागून कातून पातळ करायचं, असं माझं गणित होतं. मिस्त्रींनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग मला तोंडी समजावून सांगायला लावलं, आणि कागद परत दिला.

"हे बिडाचं हाय, वतीव लोखंडाचं. बीड पातळ केलं की फुटतं. आमच्याकडं हिरीवरच्या इंजनाचं चाक फुटलेलं बघितलंय मी. पत्रा फाडून ऊसात गेलं. गाडीत ह्ये चाक मानसाच्या पायापाशी असतंय. पोलादाचं नवीन कर."

माझं गणित बरोबर होतं, पण ते वजनाचं होतं. फुटण्याचं गणित मी केलंच नव्हतं. मी नव्यानं ड्रॉइंग काढलं. मिस्त्रींनी कॅप्टनांना सांगितलं, "इंजिनेरनं डोकं लावून डिझाइन बदललंय." बिडाची गोष्ट त्यांनी काढलीच नाही.

ते दिवस मला अजून वासांनी आणि आवाजांनी आठवतात. पोलादाच्या जाड चकतीवरून निघणारे निळे, कुरळे छिलके. त्यांवर पडणाऱ्या पांढऱ्या तेलकट पाण्याचा आंबूस वास. "किती?" "अजून पाच घरं, काका." "आता?" "दोन." डायलच्या काट्याची घरं मी मोजायचो आणि मिस्त्रींचा हात हँडलवर असा फिरायचा, जणू पेलाभर दूध कुणाच्या हाती देतोय.

चाकाच्या कडेला स्टार्टरची दात्यांची कडी असते. ती गरम करून फुगवायची आणि चाकावर टाकायची. थंड झाली की आवळून बसते. कडी जास्त तापली तर दाते मऊ पडतात. गॅसची ज्योत कडीवरून फिरत होती आणि तापणाऱ्या लोखंडावर रंग चढत होता.

"रंग कसा हाय?"

"पिवळा."

"कसला पिवळा? लिंबागत का पेंढ्यागत?"

मी निरखून पाहिलं. "पेंढ्यासारखा."

"टाक."

कडी खट् आवाज करून जागेवर बसली. मिस्त्रींनी कान लावून तो आवाज ऐकला आणि समाधानानं मिशीवरून हात फिरवला.

वजन करायला आमच्याकडे काटा नव्हता. मार्केटमधल्या एका कांदेवाल्याच्या काट्यावर आम्ही दोन्ही चाकं नेली. जुनं नऊ किलोंच्या वर, नवं पाचाच्या आत. एक हमाल, बोलण्यावरून वाई-साताऱ्याकडचा, नवं चाक उचलून बघत म्हणाला, "मिस्त्री, तवा झ्याक झालाय. पर भाकरी केवढी थापणार?" मिस्त्री म्हणाले, "तुझ्या लग्नात थापू. तवर जपून ठिवतो." आजूबाजूची पोती उचलणारी माणसंसुद्धा हसली. मी मिस्त्रींना इतकं खुशीत त्याआधी पाहिलं नव्हतं. परत येताना त्यांनी चाक स्वतःच्या हातात घेतलं. मला देईनात.

काम अष्टमीला संपलं. नवमीला यंत्रं फिरवायची नाहीत. सगळी यंत्रं रॉकेलनं पुसली गेली, हत्यारं पाटावर मांडली गेली. मिस्त्री म्हणाले, "फ्लायव्हील पूजेत मधी ठिवा. आन् पूजा औंदा इंजिनेर करंल. आपल्या शॉपात कागदावरनं पयल्यापासनं बनवलेली ही पयलीच वस्तू हाय, आन् कागद त्याचा हाय." दरवर्षी पूजा तेच करायचे.

मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो. लेथला, ड्रिलला, पक्कडींना हळदीकुंकू वाहिलं. मग फ्लायव्हीलपाशी आलो. चाकाची पाठ कोरड्या राखाडी रंगाची होती. तोंड मात्र असं चमकत होतं, की समईची ज्योत त्यात दिसत होती. देवाला आपण वस्तूची चांगली बाजूच दाखवतो. मी समईतलं तिळाचं तेल बोटावर घेतलं, त्यात कुंकू कालवलं आणि त्या तोंडावर, ठसठशीत, स्वस्तिक काढलं.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी नेरूळला कॅप्टनांच्या गॅरेजात आम्ही गाडीखाली होतो. गिअरबॉक्स उतरवलेला. मिस्त्रींनी मला सांगितलं, "तोंड थिनरनं पुसून घे. तेलाचा थेंब ऱ्हाता कामा न्हाई, न्हाईतर क्लच घसरंल."

मी थिनरची बाटली आणि फडकं घेतलं. स्वस्तिक समोर होतं, थोडं ओघळलेलं. आणि माझा हात थांबला. आमच्या घरी लावलेलं कुंकू कुणी पुसत नाही. तुळशीवरचं असो, उंबऱ्यावरचं असो, ते आपोआप जाईल तेव्हा जाईल. कुंकू पुसणं हे शब्दसुद्धा आई घरात बोलू देत नसे. त्यात दसरा. त्यात मीच वाहिलेलं. मी थिनर बाजूला ठेवलं आणि कोरड्या कापसानं वरवर टिपून घेतलं. फिकट लाल छटा राहिली. एवढ्याशानं काय होतंय, असं मी म्हणालो. मोठ्यानं नाही, मनात.

"पुसलंस?" मिस्त्रींनी विचारलं.

"हो, काका."

एरवी त्यांनी वाकून पाहिलं असतं. पण पाहून त्यांना काय दिसणार होतं? फिकट लाल डाग माझ्याच डोळ्यांना दिसत होता, आणि ते डोळे त्यांनी माझ्यावर सोपवले होते.

दुपारी गाडी सुरू झाली. इंजिनचा आवाज ऐकूनच कॅप्टन लहान मुलासारखे हसले. जरा पेडल दाबला की उसळायचं, सोडला की लगेच खाली. "ब्युटिफुल! मिस्त्री, ब्युटिफुल!" ते गाडी घेऊन सेक्टरच्या मोकळ्या रस्त्यावर गेले. आम्ही फाटकात उभे होतो. दुसऱ्या वळणावर इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र जागच्या जागी थरथरत रेंगाळली. ते परत आले तेव्हा जळालेल्या नारळाच्या शेंडीसारखा वास येत होता.

"क्लच स्लिप होतोय. तोंड सरळ नाही कातलंय."

"तोंड सरळ हाय, साहेब," मिस्त्री म्हणाले.

"मग काय आहे?"

मला तेव्हाच बोलता आलं असतं.

पुन्हा सगळं उतरवायला चार तास लागले. क्लचची पट्टी बाहेर काढली तर तिच्यावर तपकिरी, करपलेला डाग होता. आकार अजून ओळखू येत होता. मी ती घाईनं उलटी धरली. पण मिस्त्रींनी फ्लायव्हीलच्या तोंडावरून अंगठा फिरवला, नाकापाशी नेला. 

"तेल हाय. तिळाचं." मग माझ्याकडे वळून न बघता त्यांनी कॅप्टनांना हाक मारली. "साहेब, तोंड पुसायचं माझ्याकडनं ऱ्हायलं. दिसलं न्हाई मला. चूक माझी हाय."

"होतं, मिस्त्री. टेन्शन नका घेऊ," कॅप्टन म्हणाले. त्यांच्याकडे दुसरी पट्टी होती. मिस्त्रींनी थिनरचं फडकं स्वतः घेतलं आणि ते तोंड तीनदा पुसलं. मी टॉर्च धरून उभा होतो.

रविवारी गाडी घाटात सुरेख चढली. कॅप्टन पेढे घेऊन आले, माझ्या ड्रॉइंगचं कौतुक केलं, पुढे एका मोठ्या डिझाइन ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकला. आणि बोलता बोलता, अगदी सहज, मालकांना म्हणाले, "तुमच्या मिस्त्रींचा हात सोन्याचा आहे हो, पण त्यांना दिसत नाही आता. स्वतःच सांगितलं त्यांनी."

सोमवारी मालकांनी मिस्त्रींना ड्रिलवर जायला सांगितलं. मिस्त्रींनी चकची चावी कापडानं पुसली आणि दुसऱ्या माणसाच्या हातात दिली. मी माझ्या टेबलापाशी उभा होतो. मी नवा होतो, कायम झालो नव्हतो. आता बोललो तर मिस्त्रींना खोटं पाडल्यासारखं होईल, असंही मी स्वतःला समजावलं. कारणं सापडायला वेळ लागत नाही. दिवाळीनंतर ते गावी गेले. जाताना आपला जुना व्हर्नियर माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "वाचायला तुलाच येतंय."

तो व्हर्नियर आजही माझ्या खणात आहे. यंदा त्या मुलीनं "पुसू का?" विचारलं, तेव्हा मी उठलो, फडकं घेतलं आणि ठोकळ्याची ती बाजू स्वतः पुसली. कुंकू बाजूच्या लाकडी पेटीला लावलं. "देवाला पेटी चालते," मी म्हणालो. ती हसली.

मिस्त्री गावी गेल्यानंतर एक वर्ष मी गप्प होतो; दरम्यान कॅप्टनांच्या शब्दावर मी त्या डिझाइन ऑफिसात लागलो. पुढच्या नवरात्रात झेंडूचे ट्रक आले, आणि मला तो वास सहन होईना. मग मी पत्र लिहिलं. आधी कच्चं लिहून मग पक्कं उतरवायचं, ही शाळेतली सवय. म्हणून कच्चा कागद फ्लायव्हीलच्या ड्रॉइंगमागे अजून राहिला आहे. तो तसाच इथे देतो.

"तीर्थस्वरूप हणमंतकाका यांस, सुभाषचा शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या दसऱ्याला तुम्ही विचारलंत, पुसलंस का, तेव्हा मी हो म्हणालो. मी पुसलं नव्हतं. कुंकू होतं म्हणून माझा हात धजला नाही. हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, हे मला माहीत आहे. तरी ते मी माझ्या तोंडानं सांगायला हवं होतं आणि त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुम्हाला दिसलं नाही म्हणून चूक झाली, हे खरं नाही. ज्याला दिसत होतं तो मी होतो.

काल मी मालकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मापं मी वाचत होतो, तेही सांगितलं. ते खूप चिडले, तुमच्यावर नाही, माझ्यावर. मग उठून लेथपाशी गेले. म्हणाले, गेल्या वर्षात तसं तोंड कुणी कातलेलं नाही. म्हणाले, मिस्त्रींना कळव, लेथवर परत या म्हणावं. कॅप्टन साहेबांनाही मी आज नेरूळला जाऊन सांगितलं. त्यांनी वाशीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मोतीबिंदू पिकायची वाट आता बघावी लागत नाही, असं डॉक्टर म्हणतात.

मला माफ करा असं लिहायला हात धजत नाही. ते तुमच्यासमोर म्हणेन.

मालकांनी खंडेनवमीची पूजा अजून कुणाला सांगितलेली नाही. तुम्ही या. ऑपरेशन होऊन नीट दिसायला लागेपर्यंत रोज सुट्टी झाल्यावर मी नव्या ऑफिसातून तुर्भ्याला येईन. मालकांना विचारलं आहे, आणि आता ते सगळ्यांसमोर होईल. कातायचं तुम्ही. माप मी वाचीन, आणि जे दिसेल तेच सांगेन.

आपला,
सुभाष"